उभ्या दगडाची जागा

(मंडळाच्या बैठकीत वाचलेलं टिपण, नंतर थोडी भर घालून)

आपल्या मंडळात १७८३ साली मराठ्यांनी नगर हवेली पोर्तुगिजांच्या हवाली केली त्यावर वाचन झालं, किल्ल्यांवर झालं, आणि २८ जुलै १९५४ ला, ऐन पावसाळ्यात, नरोली कशी मुक्त झाली त्यावर तर दोनदा झालं. या सगळ्यांना कागदाचा आधार आहे. तह आहे, पत्रं आहेत, वर्तमानपत्रं आहेत. मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्याला कागद नाही, शिलालेख नाही, कोरलेलं चित्रसुद्धा नाही. नुसता जमिनीत उभा पुरलेला, छिन्नी न लागलेला दगड.

मी सासरी नरोलीला असते, पण माझं माहेर नागपूरकडचं, काटोल रस्त्याच्या बाजूचं. त्यामुळे या विषयात माझी दोन गावं येतात. एक जुनापाणीच्या शेजारचं, दुसरं दमणगंगेच्या काठचं. दोन्हीकडे पायाखाली एकच काळा दगड आहे, दख्खनचा बेसाल्ट. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे आज औद्योगिक वसाहतीही आहेत. ही दुसरी गोष्ट पुढे कामाला येईल.

आधी शब्दांचा गुंता सोडवून घेऊ. मोठाले, बहुधा न घडवलेले दगड वापरून केलेल्या प्राचीन बांधकामांना इंग्रजीत मेगालिथ म्हणतात, मराठीत महापाषाण किंवा बृहदश्म. एकट्या उभ्या दगडाला मेनहिर म्हणतात. हा शब्द फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रेटन भाषेतला, मेन म्हणजे दगड आणि हिर म्हणजे लांब. दगडांच्या गोलाला आपण शिळावर्तुळ म्हणतो. विदर्भात शिळावर्तुळं शेकड्यांनी आहेत, नागपूर जिल्ह्यात तर सगळ्यांत दाट. आपल्या वाचकांना वीरगळ ओळखीचा आहे, तर त्याच्या नावातच या घराण्याची खूण आहे. ‘गळ’ म्हणजे कानडी ‘कल्लु’, दगड. भामरागडकडच्या माडिया लोकांच्या स्मृतिदगडाला ‘उरसकल’ असं नाव डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्या माडिया गोंडांवरच्या १९३८ च्या पुस्तकात येतं. त्यातलाही ‘कल’ दगडच. कानडी आणि गोंडी दोन्ही द्राविडी कुळातल्या भाषा. म्हणजे कोल्हापूरच्या देवळातला वीरगळ आणि गडचिरोलीच्या जंगलातला उरसकल शब्दाने तरी भाऊबंद निघाले.

जुनापाणी नागपूरपासून वायव्येला दहा-बारा किलोमीटरवर, काटोल रस्त्याला. इथे साधारण दीडशे शिळावर्तुळं आहेत. काळ इसवी सनापूर्वी १००० ते इसवी सन ३०० या पट्ट्यातला धरतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे. एच. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने ती खणली आणि १८७९ साली त्यांच्यावर लेख छापला. हा गृहस्थ मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर होता. कापसाच्या कामासाठी गावोगाव फिरायचा, आणि फिरता फिरता दगड बघायचा. (आमच्या घरात सूत कारखान्याची नोकरी असल्यामुळे हा धागा मला उगाच जवळचा वाटतो.) त्याला वर्तुळांखाली लोखंडी खंजीर, आडव्या पट्ट्यांनी दांड्याला बसवायच्या चपट्या कुऱ्हाडी, कुदळी, कडी, बांगड्या, लांब पात्याच्या छिन्न्या आणि घोड्याचे लगाम मिळाले. त्यातला बराच ऐवज आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

म्हणजे वस्तू लंडनला गेल्या आणि दगड जुनापाणीला राहिले. आता विचार करा, उलटं झालं असतं तर? दगड जहाजात भरून लंडनला नेऊन हिरवळीवर गोल मांडले असते आणि कुऱ्हाडी इथे राहिल्या असत्या? कुऱ्हाड कुठेही कुऱ्हाडच असते. तिचा आकार, तिच्यातलं लोखंड, ती दांड्याला बसवायची तऱ्हा, सगळं तिच्यासोबत जातं. दगडाचं तसं नाही. त्याच्याजवळ जे सांगण्यासारखं आहे ते दगडात नाहीच, तो जिथे उभा आहे तिथे आहे.

हे जरा खुलासेवार सांगते, कारण माझं सगळं म्हणणं यावर उभं आहे.

उभ्या दगडाचं वय दगडावरून काढता येत नाही. बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो सगळीकडे तेवढाच जुना. कार्बन-१४ ची चाचणी लागते ती कोळशाला, हाडाला, लाकडाला, धान्याला. हे मिळतं कुठे? दगड उभा करायला खणलेल्या खड्ड्यात. खड्डा खणला, दगड उतरवला, तो हलू नये म्हणून भोवती लहान धोंडे ठासले, माती लोटली. त्या मातीत त्या दिवसाच्या चुलीचा कोळसा, खापराचा तुकडा, कधी हाड राहून जातं. अडीच हजार वर्षं दगड झाकणासारखा वर बसलेला असतो. दगड जेसीबीने उचलला की झाकण उघडलं, आणि दुसऱ्या मिनिटाला बकेटीने खड्डाही सपाट. दगड शाबूत राहतो, त्याला ओरखडाही येत नाही, आणि तरी त्याचं वय कायमचं गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट उताराची आणि पाण्याची. विदर्भातली वर्तुळं बहुतेक करून मुरमाड, खडकाळ, जरा उंच जमिनीवर असतात. काळ्या कसदार मातीत नाहीत. पाणी मात्र जवळ असतं. नदी, नाला किंवा तळं. नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा इथे उत्खनन केलं. हे जोडनाव मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण टाकळघाटला माणसं राहत होती आणि खाप्याला त्यांची दफनं होती. राहायचं एकीकडे, मेलेल्यांना ठेवायचं दुसरीकडे, आणि दोन्ही मिळून एक गाव. नाईकुंडला पेंच नदीच्या काठी देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात वस्ती, वर्तुळं आणि लोखंड गाळायची भट्टीही सापडली. या काठावर इसवी सनापूर्वीच्या सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपास लोखंड बनत होतं. माहुरझरीला मृतांबरोबर घोडा पुरलेला मिळाला, त्याच्या डोक्यावर तांब्याचं आभूषण होतं. तिथे मणी बनवण्याचा धंदाही होता, लाल अकीकाचे मणी.

आता हे सगळं नकाशावर मांडा. खाली नदीकाठी काळी माती, तिथे शेती आणि घरं. भट्टीला लागणारं लाकूड जवळच्या जंगलातलं. वर मुरमाचा माळ, जिथे नांगर चालत नाही, तिथे मेलेली माणसं, दगडांच्या गोलांत. माळावर उभं राहिलं की खालची शेती दिसते, आणि शेतातून मान वर केली की माळावरचे दगड दिसतात. पूर्वजांना चांगली जमीन दिली नाही असा याचा अर्थ नाही. उलट, नजरेसमोरची जागा दिली. एवढी गोष्ट कुठल्याही एका दगडाकडे बघून कळत नाही. ती कळायला दगड, उतार, पाणी आणि माती चारही जागेवर लागतात.

जुनापाणीच्या काही दगडांवर लहान वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत, त्यांना कपमार्क म्हणतात. ओळीत असतात, काही ठिकाणी अधिक चिन्हासारखे. रिव्हेट-कार्नाकला युरोपातल्या दगडांवर असेच खळगे असतात हे माहीत होतं आणि तो त्या साम्याने अगदी भारावून गेला होता. हल्लीच्या काळात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणी करून असं मांडलं की हे खळग्यांचे दगड वर्तुळात कुठेही नाहीत, ठरावीक तीन दिशांच्या पट्ट्यांत आहेत, आणि त्याचा आकाशाशी संबंध असू शकतो. मोजणी काळजीपूर्वक केलेली आहे. पण तिचा आधार घेऊन जे व्हिडिओ फिरतात, ‘प्राचीन भारतीय वेधशाळा’ वगैरे, त्यांच्याबद्दल थोडं बोललं पाहिजे.

नागपूर आणि नरोली दोन्ही साधारण एकाच अक्षांशावर आहेत, वीस-एकवीस अंश. इथे उन्हाळ्यात सूर्य जास्तीत जास्त उत्तरेला उगवतो तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश डावीकडे, आणि डिसेंबरात तेवढाच उजवीकडे. म्हणजे उगवतीचा पट्टा झाला ५० अंशांचा. मावळतीचाही तेवढाच. आता कुठल्याही दोन दगडांमधून एक रेघ ओढा. रेघेला दोन टोकं असल्यामुळे तिच्या दिशा ३६० नव्हे, १८० अंशांतच मोजायच्या. त्यातले ५० सूर्याचे. म्हणजे डोळे मिटून ओढलेल्या शंभर रेघांपैकी अठ्ठावीस वर्षातून कधी ना कधी सूर्योदय किंवा सूर्यास्त दाखवणारच. माझ्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची आणि शेजारच्या मोबाइल टॉवरचीसुद्धा अशी रेघ जुळते. तेव्हा एका दगडावरून सूर्य उगवताना फोटो काढला म्हणून काही सिद्ध होत नाही. पुष्कळ वर्तुळांत तीच दिशा पुन्हा पुन्हा आली, तर बोलण्यासारखं काही असतं. आणि ही मोजणी करायची तर दगड हललेला नसला पाहिजे, हे ओघाने आलंच. एखादा दगड शेतकऱ्याने बांधाला लावायला दोन हात सरकवला तरी अंश बदलतात.

दगड उभा करणं हे काम किती माणसांचं, त्याचा एक ढोबळ हिशेब मी मांडून पाहिला. दोन मीटर लांब, साठ सेंटीमीटर रुंद, चाळीस सेंटीमीटर जाड. म्हणजे पुरुषभर उंचीचा बेसाल्ट. बेसाल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड, तर वजन होतं सुमारे १,४०० किलो. वासे बांधून खांद्यावर न्यायचा आणि माणशी पंचवीस-तीस किलो भार धरला, तर पन्नास माणसं. त्यांचं जेवण, त्यांची दारू, वासे, दोर. हे एका घराचं काम नाही, हे कुळाचं किंवा गावाचं काम. दगड जेवढा मोठा तेवढी माणसं जमवायची ताकद मोठी.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही, कारण महाराष्ट्रात दगड उभे करण्याची रीत विझलेली नाही. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या बाजूला माडिया लोक मेलेल्यांच्या नावाने दगड उभारत आले आहेत. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प बघायला जाणाऱ्यांच्या वाटेत ते असतात. बरेच जण त्यांना शेताचं कुंपण किंवा मैलाचे दगड समजून पुढे जातात. या दगडांच्या जागा कुळाकुळाच्या ठरलेल्या असतात. दगड आणायला माणसं जमतात, जेवणावळ होते. नवा दगड जुन्याच्या शेजारी उभा राहतो आणि ओळ वाढत जाते. म्हणजे ती ओळ त्या कुळाची वंशावळच आहे, फक्त जमिनीवर लिहिलेली.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. माडिया आज दगड उभारतात म्हणून जुनापाणीचे लोक माडियांचे पूर्वज होते, असं म्हणता येत नाही. मधे दोन हजार वर्षं आहेत. रिव्हेट-कार्नाकच्या काळी लोक ही वर्तुळं गवळी राजांच्या नावावर टाकायचे, आता कुणी आणखी कुणाच्या नावावर टाकतं. प्रत्येकाला आपल्या नावावर हवी असतात. माडियांकडून घ्यायचं ते एवढंच, की न कोरलेला दगडसुद्धा नेमक्या माणसाचा, नेमक्या कुळाचा आणि नेमक्या जागेचा असू शकतो. आपल्याला वाचता येत नाही म्हणून तो कोरा आहे असं समजू नये.

आता इकडे, दमणगंगेकडे. आपल्या दादरा नगर हवेलीत, शेजारच्या डहाणू-जव्हारकडे, डांगात, सुरगाण्या-पेठेकडे वारली आणि कोकणा लोकांचा वाघदेव आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कुठे सागाचा खांब, कुठे दगडाची शिळा, त्यावर वाघ, वर चंद्र-सूर्य, कुठे नाग. पाड्याच्या वेशीवर किंवा रान सुरू होतं तिथे उभा. वाघबारशीला गुराखी तिथे जमतात. हा काही महापाषाण नव्हे आणि त्याला ओढूनताणून प्रागैतिहासिक करण्याची गरजही नाही. पण दगड आणि जागा यांचं नातं काय असतं ते वाघदेवाकडे बघून जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही. वाघदेव वेशीवर का? कारण गुरं तिथून रानात शिरतात. त्याच्या अलीकडे गाव, पलीकडे वाघाचं राज्य. त्याला तिथून काढून गावाच्या मधोमध बसवला तर त्याच्याजवळ काम काय उरलं?

हे मी कल्पनेने म्हणत नाही. आपल्याच भागातल्या एका पाड्यावर, नाव लिहीत नाही, रस्ता रुंद करताना अशी एक शिळा वाटेत आली. रस्त्यावाल्यांनी चांगुलपणाने केलं हे सांगायला हवं. शिळा फोडली नाही, फेकली नाही. जपून उचलली, जवळच्या देवळाच्या आवारात नेली, खाली सिमेंटचा ओटा केला, भोवती ग्रिल लावली, आणि पिवळा ऑइलपेंट दिला. मी पाहायला गेले तेव्हा एक म्हातारे आजोबा तिथे बसले होते. मी त्यांना विचारलं, आता वाघबारस इथे होते का? ते म्हणाले, नाही, ती जुन्या ठिकाणीच होते, डांबराच्या कडेला. नारळ तिथेच फुटतो. मग या शिळेचं काय, असं विचारल्यावर त्यांनी ओट्याकडे पाहिलं आणि सांगितलं की ती पाहुण्यांना बघायला ठेवली आहे. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण पुरातत्त्वाचा जो नियम समजायला मला इतकी पुस्तकं वाचावी लागली तो त्यांना आधीपासून ठाऊक होता.

वीरगळांचं बघा. गावोगाव ते मूळ जागेवरून उचलून देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेले आहेत, शेंदूर फासलेले. नुकसान तिथेही आहेच, लढाई कुठे झाली ते ठिकाण गेलं. पण वीरगळावर चित्रांच्या चौकटी असतात. खाली पडलेला वीर, गाई पळवणारे, वर अप्सरा, सर्वांत वर शिवलिंग. जागा गेली तरी गोष्ट निम्मी उरते. गधेगाळीवरही शापाचं चित्र असतं, कधी लेख असतो. अनघड उभ्या दगडाची मात्र जागा गेली की शून्य उरतं. म्हणून ज्याच्यावर काहीच कोरलेलं नाही त्याची काळजी जास्त घ्यायला हवी. आपण नेमकं उलट करतो.

यावर एक आक्षेप मंडळातच घेतला गेला आणि तो रास्त आहे. जुन्या लोकांनी स्वतः दगड हलवले नाहीत का? हलवले. ब्रिटनीत लोकमारियाकेर इथे एक प्रचंड मेनहिर चार तुकड्यांत आडवा पडलेला आहे, मूळ वीसेक मीटर लांब, वजन २८० टनांच्या घरात. त्याच परिसरातला दुसरा एक कोरीव दगड प्राचीन काळीच मोडून त्याचे तुकडे वेगवेगळ्या थडग्यांच्या छपराला वापरले. एक तिथेच लोकमारियाकेरला, दुसरा काही किलोमीटरवरच्या गाव्रिनी बेटावर. दोन्ही तुकड्यांवरचं कोरीवकाम एकमेकांना जुळतं हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लक्षात आलं, तेव्हा मोठी खळबळ झाली होती. पण हे कळलं कशावरून? दोन्ही तुकडे ज्या थडग्यांत बसवले होते त्यांतच होते म्हणून. उद्या ते संग्रहालयाच्या बागेत ओळीने मांडले असते तर ‘दोन कोरीव दगड’ एवढीच पाटी लागली असती. जुन्यांनी हलवलेला दगड हा इतिहास आहे. आपण हलवला तर तोही इतिहासच म्हणा, पण फार कंटाळवाणा, ठेकेदाराच्या बिलात मावणारा.

विलायतेतही हे भांडण आहेच. स्टोनहेंजला अगदी खेटून जाणारा एक रस्ता २०१३ मध्ये बंद करून त्यावर गवत लावलं. दुसऱ्या मोठ्या रस्त्यासाठी बोगदा करायची योजना वर्षानुवर्षं चालली आणि २०२४ साली सरकारने ती सोडून दिली. तिथे आता कोणी नुसत्या दगडांबद्दल भांडत नाही, भोवतीच्या माळाबद्दल भांडतात.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड आहे. त्याचं मूळ सातबाऱ्यात आहे. मघाशी म्हटलं की वर्तुळं मुरमाड, नांगर न चालणाऱ्या जमिनीवर असतात. ही जमीन आपल्या महसुली कागदांत काय म्हणून लागते? पोटखराबा. गायरान. विदर्भात झुडपी जंगल. म्हणजे ज्या कारणासाठी जुन्यांनी ती जागा निवडली, त्याच कारणाने ती पुढची दोन-अडीच हजार वर्षं नांगरापासून वाचली. आणि आता त्याच कारणाने ती सगळ्यांत आधी जाते. कारखान्याला, लेआउटला, वीज उपकेंद्राला, कचरा डेपोला जागा हवी की कागदावर ‘खराबा’ शोधतात. शिवाय मुरूम. रस्त्याच्या भरावाला मुरूम लागतो आणि वर्तुळं मुरमावरच बसलेली. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत नागपूरकडच्या शिळावर्तुळांची अनेक नावं आहेत. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट, हिंगणा, नीलडोह. नागपूरकर ही शेवटची दोन नावं वाचून हसतील, कारण हिंगणा म्हटलं की त्यांना एमआयडीसी आठवते, शिळावर्तुळ नाही. नरोलीत राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. नरोली म्हटलं की बाहेरच्यांना काय आठवतं? कारखाने आणि भिलाडकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग.

कायदा आहे. १९५८ चा केंद्रीय कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती. संरक्षित स्थळाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढे २०० मीटर परवानगीने. किल्ल्याला, देवळाला हे पुरतं, कारण त्याची हद्द भिंतीवरून कळते. वर्तुळांच्या माळाची हद्द कोणती? दगड संपतात तिथे, की खालचा नाला, की नाल्यापलीकडची जुनी वस्ती? टाकळघाट आणि खाप्याचं उदाहरण घ्या. दोन तारांची कुंपणं घालून दोन्ही वाचवता येतील, आणि मधल्या जमिनीवर गोदामं उभी राहिली तरी कायदा मोडणार नाही. फक्त एकमेकांकडे बघणं बंद होईल. माझ्या मते यादीत गटनंबरांच्या जोडीला उतार आणि पाणी धरून मोठा पट्टा नोंदवायला हवा. त्याला माणसं आणि पैसा लागतो हे मान्य, पण नोंद करायला फारसं काही लागत नाही आणि तिथून सुरुवात होते.

ती नोंद आपल्यासारखी मंडळं करू शकतात. फक्त दिसला उभा दगड की मेनहिर, असं करू नका. आमच्या पट्ट्यात तर विशेष सांभाळा, कारण उत्तर कोकणापासून दक्षिण गुजरातपर्यंत बेसाल्टमधून डाइकच्या भिंती गेल्या आहेत. ज्वालामुखीच्या भेगांत थिजलेला रस. आजूबाजूचा खडक झिजला की ती भिंत शेतातून सरळ रेषेत डोकं काढते, तुकडे पडून अगदी कुणीतरी दगडांची रांग लावल्यासारखी दिसते. बुंध्याशी बघा. दगड खालच्या खडकाला एकसंध असेल तर तो निसर्गाचा. मातीत उभा असेल, भोवती लहान धोंडे ठासलेले असतील, तर माणसाचा. माणसाचा असला तरी जुना असेलच असं नाही. मोजणीचा दगड असतो, त्यावर खुणा किंवा आकडे असतात. गुरांना अंग घासायला पुरलेला दगड असतो, तो कमरेच्या उंचीला गुळगुळीत चमकतो. बांधावरचा हद्दीचा दगड असतो. हे सगळे नोंदवाच, पण आपापल्या नावाने.

फोटो काढताना एक जवळचा आणि चार दूरचे काढा, चारी दिशांना दगडाकडे पाठ करून. दगडाला काय दिसतं ते त्यात येतं. बहुतेक लोक दगडाचेच दहा फोटो काढून आणतात. होकायंत्राने रुंद बाजूची दिशा, फोनवरून अक्षांश-रेखांश, जवळचं पाणी किती पावलांवर, जमीन मुरमाची की काळी, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्याला दिलेलं नाव, जसंच्या तसं, शुद्ध करायला न जाता. शेंदूर असेल तर खरवडू नका. खड्ड्याशी उकरू नका. आत काय आहे या उत्सुकतेपायी रिव्हेट-कार्नाकच्या काळापासून पुष्कळ नुकसान झालेलं आहे, आणि मागून येऊन धन शोधणाऱ्यांनी उरलेलं केलं.

दिवस निवडायचा तर दिवाळीनंतरचा. गवत सुकून बसलेलं असतं, ऊन तिरपं असतं, आणि दगडावरचे उथळ खळगे सकाळी आठ-साडेआठपर्यंत सावलीने उठून दिसतात. दुपारी बाराला तोच दगड सपाट दिसतो. मंडळाने या वर्षी दमणगंगेच्या दोन्ही काठांवरच्या पाड्यांच्या वेशी पायी बघायचं ठरवलं आहे. नरोली आणि अथालकडची बाजू माझ्याकडे आहे. रखोलीकडची बाजू अजून कुणी घेतलेली नाही.